टायटॅनिकचा जिना आणि भटारखान्याची खिडकी

नागपुरात वर्धा रोडवरच्या एका लॉनमालकाला नवा एसी हॉल बांधायचा आहे आणि त्यात त्याला टायटॅनिकचा जिना हवा आहे. नवरा-नवरी वरून उतरतील, डोक्यावर ड्रोन फिरेल, एवढी साधी मागणी. काम ज्या मुलीकडे आलं ती इंटिरिअर डिझायनर, आमच्या शेजारची. टायटॅनिकला तिनं नकार दिला, पण जहाज काही तिच्या डोक्यातून उतरेना. तेव्हापासून ती जुन्या आलिशान प्रवासी जहाजांचे नकाशे आणि फोटो जमवत सुटली आहे. तिचे मोठे बाबा मोतीबागच्या नॅरोगेज वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. त्यांचे वडील एम्प्रेस मिलच्या रिंग खात्यात होते. वाफ, कोळसा आणि मालक या तिन्हींबद्दल मोठ्या बाबांची मतं पक्की आहेत. एका रविवारी इंदोऱ्यातल्या त्यांच्या घरी दोघांची जुंपली, तेव्हा तर्रीपोह्यांची प्लेट हातात घेऊन मी तिथंच होतो. समुद्रापासून दूर, झिरो माइलच्या गावात जहाजावरून भांडण, ही गंमत सोडवेना म्हणून लिहून काढलं.

मोठे बाबा : ते जहाज पहिल्याच फेरीत बुडालं ना? मग त्याचा जिना लग्नाच्या हॉलात काहून लावायचा? मंगलाष्टकं चालू असताना पाहुण्यांना हिमनग आठवायचा.

पुतणी : मालकाला मी हेच सांगितलं. शिवाय खरा जिना ओकच्या लाकडाचा होता, कठड्याला लोखंडी नक्षी, वर काचेचा घुमट, भिंतीत कोरीव घड्याळ. तेच सगळं पीओपीत ओतून सोनेरी रंग मारला की नाटकाचा पडदा होतो. आणि अटलांटिकची जहाजं आपण कशाला धरून बसायची? मुंबईच्या बॅलार्ड पिअरला लागायची ती काय कमी होती?

मोठे बाबा : त्या जहाजांची आपल्या मराठी माणसाला एकच जागा ठाऊक आहे, बेटा. मोरियाचा संडास आणि त्याचं गोल भोक.

पुतणी : हो, ८ जुलै १९१०, मार्सेलिस, सावरकरांची उडी. शाळेत सगळ्यांनी वाचलंय. पण त्या भोकाच्या अलीकडे काय होतं, हे कुणी विचारत नाही. पी. अँड ओ. कंपनी आपल्या जहाजांच्या सजावटीसाठी टी. ई. कॉलकटसारखा नावाजलेला वास्तुविशारद लावायची. त्याआधी विल्यम डी मॉर्गननं त्यांच्या डझनभर जहाजांना हातानं रंगवलेल्या टाइल्स करून दिल्या होत्या. ही लंडनमधली पहिल्या फळीची माणसं, आणि त्यांची कारागिरी मुंबईच्या धक्क्यावर येऊन उभी राहायची.

मोठे बाबा : धक्क्यावर. आत कोण जाऊन राहिलं होतं? गोरे साहेब आणि राजेरजवाडे.

पुतणी : आणि बाबासाहेब.

मोठे बाबा थांबले. चमचा प्लेटमध्ये ठेवला. पोरीनं मर्मावर बोट ठेवलं होतं आणि तिला ते माहीत होतं.

पुतणी : ४ ऑक्टोबर १९३०. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून निघाले ते ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या जहाजानं. पी. अँड ओ.चं तेव्हाचं सगळ्यात मानाचं जहाज, दीडच वर्ष झालं होतं त्याला. आतली सजावट केली होती एल्सी मॅके या बाईनं. कंपनीचे अध्यक्ष लॉर्ड इंचकेप, त्यांची ती मुलगी. नटी होती, विमानही चालवायची. मार्च १९२८ मध्ये अटलांटिक ओलांडायला निघाली आणि विमानासकट बेपत्ता झाली. जहाजाचं जलावतरणसुद्धा तिला पाहायला मिळालं नाही.

मोठे बाबा : मालकाची पोरगी होती म्हणून काम मिळालं.

पुतणी : मिळालं तसं, पण केलं कसं ते पाहा ना. धूम्रपानाचं दालन तिनं बांधलं पहिल्या जेम्स राजाच्या काळातल्या महालासारखं. लंडनच्या ब्रॉम्लीत असा एक जुना राजवाडा होता, त्यातल्या दालनावरून. छताला किल्ल्यासारख्या लाकडी तुळया, भिंतीवर तलवारींची जोडी, मोठी शेकोटी आणि शेकोटीवर राजचिन्ह. संगीताची खोली अठराव्या शतकातली. पोहण्याचा तलाव पॉम्पेईच्या धाटणीचा, तोही बंदिस्त.

मोठे बाबा : थांब, थांब. शेकोटी? मुंबईला येणाऱ्या जहाजात? लाल समुद्रात?

इथं मोठे बाबा पोटभर हसले. मलाही हसू आवरलं नाही. मे महिन्यात नागपुरात शेकोटी बांधणाऱ्याला आपण काय म्हणू? त्या काळी जहाजाला एसी नव्हता. लाल समुद्रात शिरलं की केबिनमध्ये झोपणं अशक्य व्हायचं आणि नोकर प्रवाशांच्या गाद्या उचलून डेकवर नेऊन घालायचे. खाली राजवाडा, वर उघड्यावर झोपलेले साहेब-मडम.

पुतणी : हसा. पण त्या जहाजाची दुसरी बाजू तुम्हाला आवडेल. त्याचं इंजिन टर्बो-इलेक्ट्रिक होतं. वाफेवर टर्बाइन फिरायचं, त्यातून वीज, आणि त्या विजेवर चालणाऱ्या मोटारी जहाजाचे पाण्यातले पंखे फिरवायच्या.

मोठे बाबा : म्हणजे मधे गिअर नाही?

पुतणी : नाही.

मोठे बाबा : मग आवाज नाही, थरथर नाही. हाव, हे काम झालं! तुमच्या त्या तलवारी-बिलवारी राहू दे. माणसाला रात्री झोप लागली ती त्या मोटारीनं.

पुतणी : मी तरी वेगळं काय सांगतेय? जहाजात इंजिन आणि सजावट वेगळी काढताच येत नाही. आधी शिडाच्या जहाजांच्या रिवाजानं वरच्या वर्गाची दालनं मागच्या टोकाला असायची. वाफेची जहाजं आली, मागं पंखा फिरायला लागला, तरी श्रीमंत माणूस त्या थरथरीवरच बसून जेवत होता. १८७१ मध्ये व्हाइट स्टार कंपनीच्या ‘ओशनिक’नं जेवणाचं दालन उचलून जहाजाच्या मधोमध आणलं, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत रुंद केलं, खिडक्या मोठ्या केल्या. झुंबरं, गालिचे नंतरचे. चैन सुरू झाली ती जागा बदलल्यामुळं.

मोठे बाबा : आणि धुराडं? बॉयलरचं धुराडं तर जहाजाच्या पोटातूनच वर जाणार. ते तुमच्या दालनाच्या मधूनच गेलं असेल.

पुतणी : जायचंच. लोक त्याला लाकडी पेटीत लपवून बाजूनं खुर्च्या मांडायचे. मग जर्मनांनी १९१४ च्या ‘फाटरलांड’मध्ये धुराडं खालीच दुभंगलं, दोन फाटे जहाजाच्या दोन कडांनी वर नेले आणि मधली जागा मोकळी केली. त्यामुळं एका दालनातून थेट पुढच्या तीन दालनांपर्यंत नजर पोचायची. १९३५ च्या फ्रेंच ‘नॉर्मंडी’नं तीच युक्ती वापरली. तिचं जेवणाचं दालन तीनशे फुटांहून लांब, सातशे माणसं एका वेळी बसणार, लालीकच्या काचेचे दिव्यांचे खांब, थंड हवा यंत्रानं खेळवलेली, आणि खिडकी एकही नाही.

मोठे बाबा : एकही नाही? समुद्रावर जाऊन समुद्र दिसायचा नाही?

पुतणी : दिसू नये म्हणूनच. आर्थर डेव्हिसनं ‘अ‍ॅक्विटानिया’ सजवली. तो म्हणायचा, मी कंपनीला विचारलं की जहाजाला जहाजासारखं का करत नाही? उत्तर मिळालं, इथं चाचे प्रवास करत नाहीत, ओकाऱ्यांनी बेजार झालेल्या अमेरिकन बायका करतात. आपण समुद्रावर आहोत हेच त्यांना विसरायचं असतं. पॅरिसच्या रिट्झ हॉटेलचा वास्तुविशारद शार्ल मेवेस याला जर्मन कंपनीनं उगाच बोलावलं नव्हतं. डेव्हिस त्याचाच भागीदार. माणूस घाबरलेला असतो, मोठे बाबा. त्याचं भय कमी करणं हीसुद्धा कारागिरीच.

मोठे बाबा : भय कमी कर ना. पण भिंतीआड काय लपवून राहिली ते तरी पाहाय. समुद्र लपवला, धुराडं लपवलं, बरं. खाली भट्टीत कोळसा टाकणारा माणूस लपवला, त्याचं काय?

पुतणी : ‘व्हाइसरॉय’ तेलावर चालायचं.

मोठे बाबा : एक जहाज. त्याच्या आधीची साठ वर्षं? मी नॅरोगेजच्या इंजिनावर काम केलंय. उन्हाळ्यात इतवारीहून गाडी निघाली की फायरमनच्या अंगावरचं कापड पिळून काढावं लागायचं. त्याला निदान दोन बाजूंनी वारा होता. जहाजाच्या तळाला वारा कुठला?

हा मुद्दा त्यांनी उगाच काढला नव्हता. ब्रिटिश जहाजांवर हिंदुस्थानी खलाशी घ्यायची पद्धत जुनी, आणि १९१४ च्या सुमारास त्यांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली होती. पी. अँड ओ.च्या जहाजांवर कामाची वाटणी ठरलेली. डेकवर कोकण-गुजरातकडचे खलाशी, त्यांच्यावर टंडेल, टंडेलावर सारंग. भट्टीवर आगवाले, बरेचसे पंजाबकडचे. जेवणाच्या दालनात पांढऱ्या कोटातले गोवेकर. मुंबईत गावागावाचे कूड होते, जहाज मिळेपर्यंत गोवेकर तिथं पथारी टाकून राहायचे. रत्नागिरीकडच्या कित्येक घरांत अजून आजोबांचं खलाशाचं पासबुक जपून ठेवलेलं सापडेल. त्या दालनांचे जेवढे फोटो छापले गेले, त्यांत ही माणसं क्वचितच दिसतात.

पुतणी : कायद्यानं त्यांना किती जागा होती, ते मी वाचलंय. गोऱ्या खलाशाला ७२ घनफूट, पुढं १९०६ मध्ये १२०. आपल्या खलाशाला ३६. नवा आकडा आपल्या लोकांना लागूच केला नाही.

मोठे बाबा : छत्तीस म्हणजे किती? दाखव.

तिनं पिशवीतून टेप काढला. मोठ्या बाबांनी तो हातात घेतला आणि बसल्या दिवाणावर लांबीला सहा फूट धरला. माणूस आडवा व्हायला तेवढं लागतंच. मग रुंदीला दोन फूट. खडूनं चादरीवर रेघ मारली, पलीकडून काकूंचा ओरडा आला. सहा गुणिले दोन, बारा. छत्तीसला उरले तीन. गादीपासून तीन फूट वर टेप नेला तो खिडकीच्या कट्ट्याच्या थोडा वर जाऊन थांबला. मोठे बाबा त्या रेघांच्या आत आडवे झाले आणि उठायला गेले, तर टेपाची जीभ त्यांच्या कपाळाला लागली.

मोठे बाबा : हे तुझ्या त्या नकाशांत काढलंय का कुठं?

पुतणी : नाही. पण मग तुम्हीही एक ऐका. गरम जहाजात आतल्या केबिनला हवा कशी द्यायची, याचाही विचार झालाच होता. रंगूनला जाणाऱ्या बिबी कंपनीच्या जहाजांत आतल्या केबिनला एक अरुंद बोळ काढून जहाजाच्या कडेपर्यंत नेत. आपल्या महाल भागातल्या जुन्या वाड्याला रस्त्यापर्यंत बोळ असतो ना, तसा. बोळाच्या टोकाला गोल खिडकी. कुणालाही बिनखिडकीची खोली नको म्हणून एल आकाराची केबिन! झुंबरापेक्षा मला ही अक्कल मोठी वाटते.

मोठे बाबा : प्रवाशाला. खलाशाला नाही.

पुतणी : बरं, मग गिरणीचं बोलू. तुमचीच एम्प्रेस मिल. १ जानेवारी १८७७, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी नागपुरात सुरू झाली, म्हणून ते नाव. जमशेटजी टाटांनी तिथं हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली, आग विझवायला पाण्याचे फवारे बसवले. १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. मालकही आतल्या माणसाच्या हवेचा विचार करू शकतो.

मोठे बाबा : दमट हवा सुतासाठी होती, बेटा. धागा तुटू नये म्हणून. आमचा बा घरी यायचा तो कापसानं पांढरा होऊन, रात्रभर खोकायचा. पेन्शन फंडाचं मी नाकारत नाही. ते चांगलं केलं.

पुतणी : बरं, तेच जमशेटजी १८९३ च्या जुलैत जपानहून अमेरिकेला निघाले. जहाजाचं नाव काय असेल?

मोठे बाबा : तू सांग.

पुतणी : ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. तुमच्या गिरणीची नाववाली बहीण. कॅनडियन पॅसिफिक कंपनीची, पांढऱ्या रंगाची, १८९१ ची. योकोहामाहून १४ जुलैला निघाली, २५ ला व्हँकुव्हरला लागली. त्याच जहाजावर स्वामी विवेकानंद होते. ३१ मे ला मुंबईहून पी. अँड ओ.च्या ‘पेनिन्सुलर’नं निघालेले. गरम कपडे नव्हते, पॅसिफिकवर थंडीनं त्यांचे हाल झाले. पाच वर्षांनी जमशेटजींनी त्यांना पत्र लिहून याच प्रवासाची आठवण दिली आणि संशोधन संस्थेच्या कामात मदत मागितली. बंगळुरूची संस्था पुढं त्यातूनच उभी राहिली.

मोठे बाबा : आणि त्याच सुमारास पी. अँड ओ.शी टाटाचं भांडण चालू होतं, हे नाही वाचलंस? हिंदुस्थानी सुताला चीन-जपानला न्यायचं भाडं त्या कंपनीनं चढवून ठेवलं होतं. टाटानं जपानी कंपनीला हाताशी धरून स्वतःची टाटा लाइन काढली, भाडं उतरवलं. पी. अँड ओ.नं आपलं भाडं असं काही पाडलं की टाटाला गाशा गुंडाळावा लागला. ज्यांच्या टाइल्सचं तू कौतुक करून राहिली ना, त्यांचा हा धंदा.

पुतणीला हे ठाऊक नव्हतं. तिनं वहीत उतरवून घेतलं. माझ्या मते त्या सकाळचा सगळ्यात मोलाचा मुद्दा हाच होता. ज्या दालनांचं आपण कौतुक करतो ती मक्तेदारीच्या पैशावर उभी होती आणि त्या पैशाचा काही भाग नागपूर-मुंबईच्या सुताच्या भाड्यातून आलेला असणार.

पुतणी : आता पुढचं ऐका. १९१४ मध्ये ती ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी घेतली. लढाईत जखमी झालेल्या आपल्या सैनिकांसाठी तिचं इस्पितळ केलं, नाव ठेवलं ‘लॉयल्टी’. लढाई संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे भागीदार नरोत्तम मोरारजी यांनी ती विकत घेतली. सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी ती हीच, नाव महाराजांच्या घराण्यावरून. ५ एप्रिल १९१९ ला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. आज आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो त्यामुळं.

मोठे बाबा : चालली किती?

पुतणी : फार नाही. जुनं जहाज, इंग्रज कंपन्यांचा विरोध. १९२३ मध्ये मोडीत काढलं.

मोठे बाबा : म्हणजे सम्राज्ञीच्या दालनात आधी साहेब बसले, मग जखमी शिपाई निजले, मग स्वदेशीवाले चढले, मग भंगारवाला आला. हे मला आवडलं. तू हॉलात हे लाव ना. टायटॅनिक काहून?

पुतणी : लावणार आहे. पण वाचायला पाहुणे थांबणार आहेत का? ते पनीरच्या रांगेत असतील. मला हॉल तसा दिसायला हवाय. ‘व्हाइसरॉय’सारखी नक्कल नको. इटलीच्या लॉइड ट्रिएस्टिनो कंपनीची १९३१ ची ‘व्हिक्टोरिया’ होती, पुढं ती मुंबईच्या फेऱ्या करायची. गुस्ताव्हो पुलित्झर फिनाली नावाच्या वास्तुविशारदानं तिच्यात राजवाडा काढलाच नाही. सरळ रेषा, गुळगुळीत पृष्ठभाग, कमी फर्निचर. जहाज जहाजच दिसू दिलं. मी त्या बाजूची आहे. लाकूड आपलं, आलापल्लीचं सागवान. नव्या संसदेला नागपूरकडचं सागवान गेलं, मग आपल्या हॉलात व्हिएतनामचा लॅमिनेट कशाला?

मोठे बाबा : सागवान बरोबर. जहाजाला सागच लागतो, पाण्यात सडत नाही. आणि आताची ती जहाजं? आपल्या सोनूचा साळा हनिमूनला ज्यावर गेला होता ती?

पुतणी : कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’! मूळची १९९० ची ‘नॉर्डिक एम्प्रेस’, २०२१ पासून मुंबईहून चालू झाली. ती क्रूझ आहे, कुठं जायला नाही, फिरायला. मधोमध उंच चौक, काचेच्या लिफ्ट. आता समुद्र विकतात, लपवत नाहीत. बाल्कनीवाल्या खोलीचे पैसे जास्त.

मोठे बाबा : आणि काम करणारे कुठं झोपतात?

पुतणी : खालच्या डेकवर. अजूनही.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मोठ्या बाबांनी तिचा नकाशा मागितला. चष्मा पुसला, नकाशा दिवाणावर पसरला, त्याच खडूच्या रेघांवर. हॉल त्यांनी पाहिलाच नाही. बोट सरळ मागच्या चौकोनावर गेलं.

मोठे बाबा : हा भटारखाना ना? याला खिडकी कुठं आहे?

पुतणी : एक्झॉस्ट आहे ना. दोन मोठे.

मोठे बाबा : मी खिडकी विचारून राहिलो. पश्चिमेची भिंत, वर पत्रा, आत सहा भट्ट्या. एप्रिल-मेच्या लग्नात आचारी इथं उभा राहणार. बाहेर पंचेचाळीस, आत किती? तू तर बोळाच्या टोकाला खिडकी काढणारे लोक शोधून आणले.

पुतणी : त्या भिंतीपलीकडं पार्किंग आहे. मालक म्हणतो, पाहुण्यांना भटारखाना दिसायला नको.

मोठे बाबा : तेच तर. डेव्हिसचा मालकही हेच म्हणाला होता.

तिनं वाद घातला. खर्च, वास, अग्निशमनाचा परवाना, सगळं काढलं. शेवटी पेन्सिल घेतली, भटारखाना उत्तरेकडे वळवला, एक लांब खिडकी आणि वर वारा निघायला झरोके काढले. त्यामुळं हॉलची एक बाजू चार फूट आखूड झाली. ती नाराज होती आणि तिनं ते लपवलं नाही.

माझं मत विचाराल तर त्या दालनांचा इतिहास शिकवलाच पाहिजे. तुळया, काच, दुभंगलेलं धुराडं, बिबीचा बोळ, हे सगळं माणसानं डोकं लावून केलेलं आहे आणि डिझायनरला ते ठाऊक नसेल तर त्याचं शिक्षण अर्धवट राहिलं. पण आपल्याकडं आज जे हॉल आणि लॉन उभे राहतात, त्यांच्या बाबतीत मोठ्या बाबांचा प्रश्न आधी यायला हवा आणि तो नकाशा मंजूर होण्याआधी यायला हवा. नागपुरात हॉल बांधायला काढलेल्या मालकांनी एकच करावं. मे महिन्यात, भर दुपारी, एखाद्या चालू लग्नाच्या भटारखान्यात तासभर उभं राहून यावं आणि मग डिझायनरला बोलवावं.